जिल्हा परिषदेच्या जाहीरनाम्यात नेमके काय लिहावे? (माण तालुका, सातारा)

माणकाठची सून

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून जिल्हा परिषदेची निवडणूक प्रथमच लढवीत आहे. आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, या वेळी महिलेसाठी राखीव झाला आणि घरच्यांच्या व गावातील काही मंडळींच्या बैठकीत माझे नाव पुढे आले. गावातील महिला बचत गटाचे हिशेब मी गेली नऊ वर्षे सांभाळते आहे, एवढीच माझ्या सार्वजनिक कामाची शिदोरी आहे. मार्च २०२२ मध्ये मागील सभागृहाची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे राहिला, त्यामुळे मावळत्या सदस्याकडून काही समजून घ्यावे, ही सोयही राहिली नाही.

जाहीरनाम्याचा एक मसुदा कार्यकर्त्यांनी तयार करून दिला आहे. त्यात पहिले वचन जिहे-कठापूर आणि उरमोडी योजनांचे पाणी गटातील प्रत्येक शिवारात पोहोचवण्याचे आहे. त्यानंतर गटातील सर्व रस्ते डांबरी करणे, ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर आणणे, शाळांतील रिक्त पदे भरणे, प्रत्येक घरी नळ देणे, महिलांना शिलाई यंत्रे व पिठाच्या गिरण्या देणे आणि मेंढपाळांसाठी स्वतंत्र योजना आणणे अशी यादी आहे. मसुदा वाचून मला संकोच वाटला. बचत गटात मी पाच हजारांचे कर्ज मंजूर करतानाही परतफेड कशातून होणार ते विचारते, आणि येथे मात्र ही वचने कशातून पुरी होणार ते मलाच सांगता येत नाही. माझे चुलतसासरे म्हणतात की जाहीरनामा कोणी वाचत नाही, आणि वाचला तरी कोणी जपून ठेवत नाही, तेव्हा मोठेच लिहावे.

माझे प्रश्न दोन आहेत. यांपैकी कोणत्या गोष्टी खरोखर जिल्हा परिषद सदस्याच्या हातात असतात? आणि पाच वर्षांत करता येतील अशी तीन-चारच कामे निवडायची असतील, तर ती कोणती असावीत? येथे जिल्हा परिषदेत काम केलेले काही जण आहेत, त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे. वाईट वाटणार नाही.

---

लेखा शाखा, निवृत्त

ताई, आपण परतफेड कशातून होणार असे विचारता, त्याच दृष्टीने हा मसुदा वाचला की निम्मे काम होते. मी एका वेगळ्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे हिशेबनिसाच्या थाटाचे होईल.

प्रथम पहिले वचन. जिहे-कठापूर, म्हणजे आताची गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार उपसा सिंचन योजना, आणि उरमोडी हे दोन्ही प्रकल्प महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचे, म्हणजे जलसंपदा विभागाचे आहेत. त्यांचा एक रुपयाही जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातून जात नाही. सिंचनाच्या बाबतीत जिल्हा परिषदेची हद्द ढोबळमानाने शंभर हेक्टरपर्यंत सिंचन होईल अशा लहान कामांपुरती आहे. त्यात पाझर तलाव, गाव तलाव, सिमेंट बंधारे आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे येतात. ही हद्द लहान दिसते, पण आपल्यासारख्या भागात ती लहान नाही. नवे बंधारे बांधण्याची हौस सर्वांना असते. असलेल्या बंधाऱ्याला ऑक्टोबरमध्ये वेळेवर बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसले की नाहीत, गळतीची दुरुस्ती झाली की नाही, पाझर तलावाचा सांडवा फुटलेला आहे का, हे पाहणारा सदस्य मी माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला. ओढा वाहायचा थांबल्यावर, म्हणजे डिसेंबरात, बर्गे बसवलेला बंधारा मीही पाहिला आहे. त्यात साठले ते फक्त ठेकेदाराचे देयक.

आता रस्ते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. म्हणजे दोन वाड्यांना जोडणारा रस्ता आपला, आणि दहिवडीहून निघणारा मोठा रस्ता बहुधा आपला नाही. आपल्या रस्त्यांसाठीचा पैसा मुख्यतः जिल्हा नियोजन समितीकडून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या क्रमांकित खात्यांखाली, येतो. गावांतर्गत मूलभूत सुविधांचे २५१५ हे लेखाशीर्ष ग्रामविकास विभागाचे असून ती कामे प्रामुख्याने आमदारांच्या शिफारशीने मंजूर होतात. फलकावर नाव कोणाचेही असो, मंजुरी कोणत्या शीर्षाखाली आली आहे, हे विचारण्याची सवय आतापासून लावून घ्यावी.

येथे एक गोष्ट विस्ताराने लिहितो, कारण ती उमेदवारांच्या लक्षात राहत नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, परंतु १९९८ च्या अधिनियमानुसार समितीतील किमान चार पंचमांश सदस्य हे जिल्हा परिषद आणि नागरी स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात. निवडणुका न झाल्यामुळे या जागा ओस राहिल्या आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत ग्रामीण भागाच्या वतीने बोलणारा आवाज मुख्यत्वे आमदार-खासदारांचाच राहिला. आपण निवडून आलात तर या समितीवर जाण्यासाठी अर्ज करा. विषय समितीच्या सभापतिपदासाठी सगळे धडपडतात, कारण तेथे गाडी आणि दालन मिळते. नियोजन समितीवर ना गाडी ना दालन, पण रस्ते, शाळाखोल्या आणि आरोग्य केंद्रांच्या दुरुस्तीचा पैसा तेथे वाटला जातो.

स्वतःच्या पैशाचे सांगायचे तर जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मोठे दिसते, पण त्यातील बहुतेक रक्कम शासनाने ठरावीक कामांसाठी दिलेली असते, आणि तिचा सर्वात मोठा वाटा शिक्षकांच्या वेतनाचा असतो. सभागृहाला खऱ्या अर्थाने ठरवता येते ते फक्त स्वीय निधीचे, ज्याला आपण सगळे सेस फंड म्हणतो. जमीन महसुलावरील उपकर, दस्तनोंदणीच्या मुद्रांक शुल्कातील हिस्सा, गाळ्यांची भाडी आणि ठेवींवरील व्याज यांतून तो तयार होतो. त्यातील २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. जे उरते ते सदस्यांनी आपापसांत समसमान वाटून घेण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी पडली आहे. ती प्रथा आहे, कायदा नव्हे. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या लहानशा रकमेतून मग हायमास्ट दिवे, बाकडी आणि स्वागतकमानी उभ्या राहतात. माझे स्पष्ट मत असे की ज्या उमेदवाराने जाहीरनाम्यात "माझ्या वाट्याच्या सेस फंडातून एकही कमान उभारणार नाही" एवढे एकच वाक्य लिहिले, त्याला मी पक्ष न पाहता मत देईन.

तिसरे म्हणजे ग्रामीण रुग्णालय जिल्हा परिषदेचे नसते. ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे राज्याच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते. आपली हद्द प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र यांच्यापुरती आहे. याबद्दल अधिक कोणी जाणकाराने लिहावे.

शिलाई यंत्रांबद्दल उद्या लिहितो. तो विषय मोठा आहे आणि माझा राग त्याहून मोठा आहे.

---

खडू-फळा

लेखा शाखेच्या काकांनी पैशाचा मार्ग दाखवलाच आहे, मी फक्त शाळांपुरते लिहितो. मी पाटण तालुक्यात डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळांवर नोकरीची बहुतेक वर्षे काढली आणि शेवटची सहा वर्षे माण तालुक्यात होतो, त्यामुळे दोन्ही टोके पाहिली आहेत.

"रिक्त पदे भरू" हे वचन काढून टाकावे. शिक्षकभरती २०१७ पासून पवित्र पोर्टलद्वारे राज्य स्तरावरून होते, बदल्या ग्रामविकास विभागाच्या ऑनलाइन प्रणालीतून होतात आणि पदे किती असावीत हे संचमान्यतेत ठरते. पूर्वी सदस्याच्या चिठ्ठीवर बदली होत असे. ते दिवस गेले हे शाळांच्या दृष्टीने चांगलेच झाले. तरीही सदस्याला करण्यासारखे बरेच उरते, आणि ते बव्हंशी इमारतीच्या आत असते. वीजबिल थकल्यामुळे शाळेची जोडणी तुटते आणि संगणक कपाटात जातात; स्वच्छतागृह असते पण त्यात पाणी नसते, म्हणून सातवी-आठवीच्या मुली दुपारनंतर घरी जातात. हे प्रश्न सोडवायला मंत्रालयात जावे लागत नाही. गटातील प्रत्येक शाळेत वर्षातून दोनदा स्वतः जाऊन विजेची, पाण्याची आणि छताची स्थिती एका वहीत लिहून ठेवली, तर सर्वसाधारण सभेत शिक्षणाधिकाऱ्यांना विचारायला प्रश्न तयार मिळतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असा शिक्षण हक्क कायद्याचा दंडक आहे. ती समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात बसते, तेही वहीत लिहावे.

दुसरी गोष्ट माणची खास आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडे, त्याआधीच चराईसाठी निघालेले असतात, आणि पटावर नाव असलेले मूल चार-पाच महिने वर्गात नसते. अशा मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे ठेवून जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना समग्र शिक्षा अभियानात आहे. तिच्यासाठी प्रस्ताव वेळेवर, म्हणजे कुटुंबे निघण्यापूर्वी जावा लागतो. प्रस्ताव डिसेंबरात मंजूर झाला तर वसतिगृह सुरू होते आणि मुले तोवर फडात पोहोचलेली असतात. सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतनिहाय स्थलांतरित होणाऱ्या मुलांची यादी करून ती शिक्षण समितीपुढे ठेवणे, हे आपल्या चार कामांपैकी एक असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कमी पटाच्या शाळांविषयीही लोक आपल्याला विचारतील. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. याविषयी माझे मत ठाम नाही. चार मुलांच्या शाळेत मूल एकटे पडते, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु पहिलीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियमही उगाच झालेला नाही. दोन वाड्यांच्या मध्ये ओढा असेल तर पावसाळ्यात एक किलोमीटरही लांबच असतो. जाहीरनाम्यात सरसकट बाजू घेण्यापेक्षा "पालकांच्या ग्रामसभेतील ठरावाशिवाय गटातील शाळा बंद करण्यास संमती देणार नाही" असे लिहिणे मला योग्य वाटते.

---

घणसोलीकर

सर्वांचे लिखाण वाचले. माहिती उत्तम आहे, पण मी मतदाराच्या बाजूने थोडा विरोधी सूर लावतो.

मी मूळचा खटाव तालुक्यातला, गेली बावीस वर्षे नवी मुंबईत माथाडी कामगार आहे. आमच्यासारखे हजारो लोक केवळ मतदानासाठी एका रात्रीत गावी जातात. त्या रात्री गाडीत कोणी लेखाशीर्षाची चर्चा करीत नाही. माण-खटावच्या माणसाला पाण्याचे वचन तीन पिढ्यांपासून मिळत आले आहे, त्यामुळे पाण्याचा शब्दच ज्या पत्रकात नाही, ते पत्रक त्याला आपले वाटणार नाही. ताईंनी जर "ते माझ्या अखत्यारीत नाही" असे लिहिले, तर समोरचा उमेदवार दुसऱ्या दिवशी म्हणेल की यांना पाणी द्यायचेच नाही. प्रामाणिकपणाने निवडणूक हरून त्या प्रामाणिकपणाचा गटाला काय उपयोग?

माझी स्वतःची मागणी विचाराल तर ती वेगळीच आहे. माझे आई-वडील दोघेही सत्तरीच्या पुढचे असून गावी एकटे राहतात. वडिलांना रक्तदाब, आईला साखर. गोळ्या संपल्या की शेजारच्या मुलाला तालुक्याला पाठवावे लागते. जिल्हा परिषदेला याबाबत काही करता येते का, हे मला खरोखर माहीत नाही. येत असेल, तर माझ्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे मत त्या एका कामावर मिळेल.

---

उपकेंद्र

घणसोलीकरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मी आरोग्य सेविका म्हणून काम केले आहे.

सपाट भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात तो वीस हजार आणि तीन हजार असा आहे. ही सर्व यंत्रणा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची. ज्या उपकेंद्रांचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून गोळ्या तेथेच मिळणे अपेक्षित आहे. अपेक्षित हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. गोळ्यांचा साठा महिन्याच्या कोणत्या आठवड्यात संपतो, हे सदस्याने आरोग्य समितीत विचारले, तर पुरवठा सुधारतो; कोणीच विचारले नाही, तर संपलेला साठा हा फक्त आमचा आणि रुग्णाचा खाजगी विषय राहतो. आशा ताई महिन्यातून एकदा घरी जातातच. त्यांच्या हाती ज्येष्ठांच्या गोळ्या पाठवण्याची व्यवस्था वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून बसवता येईल. त्यासाठी आशांच्या कामात भर पडेल, म्हणून स्वीय निधीतून त्यांना काही मोबदला देण्याचा ठराव मांडावा. आशांकडून फुकट कामे करून घेण्याची सवय आधीच पुष्कळ झाली आहे.

रुग्णवाहिकेबाबत लोक गल्लत करतात, म्हणून तेही लिहिते. १०८ ही राज्याची आपत्कालीन सेवा आहे. १०२ ही प्रामुख्याने गरोदर माता आणि लहान बालकांसाठी असलेली रुग्णवाहिका प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी असते आणि तिच्याकडे सदस्याला लक्ष देता येते. तिचा चालक बहुधा कंत्राटी असतो. त्याचा पगार वेळेवर होतो का, हे पाहिले तर रात्री दोन वाजता गाडी निघते.

---

लेखा शाखा, निवृत्त

घणसोलीकर, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पाण्याचा शब्द पत्रकात असलाच पाहिजे. मात्र तो कोणत्या पाण्याचा, हे ठरवता येते.

प्यायच्या पाण्याचे काम थेट जिल्हा परिषदेचे आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले आणि त्यात प्रत्येक घरी माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले. नळ पुष्कळ ठिकाणी बसले आहेत. प्रश्न आहे तो उगमाचा. विहीर ज्या ओढ्याकाठी घेतली तो ओढा फेब्रुवारीत आटत असेल, तर एप्रिलमध्ये नळातून हवाच येणार. म्हणून "प्रत्येक घरी नळ" ऐवजी "गटातील प्रत्येक योजनेचा उगम मे महिन्यापर्यंत टिकवण्याचे काम" असे वचन लिहावे. येथे जिल्हा परिषदेची दोन खाती एकत्र येतात: पाणीपुरवठ्याची विहीर एका खात्याची आणि तिच्या वरच्या अंगाचा बंधारा दुसऱ्या खात्याचा. दोघांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात आणि एकमेकांचे नकाशे त्यांनी पाहिलेले नसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते आकडे मागून घ्यावेत. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून अशा काळासाठी तयार होतो. गटातील कोणत्या वाडीचे नाव त्यात दरवर्षी येते, हे पाहिले की दुरुस्तीचा पहिला बंधारा कोणता, हे आपोआप कळते.

आणि सातारा जिल्ह्यातील मतदाराला हे समजणार नाही, असे मानू नये. याच जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या वेळू गावाने २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला होता. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणे म्हणजे काय, हे येथील लोकांनी हातात फावडे घेऊन शिकलेले आहे. कृष्णेच्या पाण्यासाठी पाठपुरावा करीन असे एक वाक्य अवश्य लिहा, पण पाठपुरावा हाच शब्द लिहा. आणीन असे लिहू नका.

आता शिलाई यंत्रे. पूर्वी जिल्हा परिषद वस्तू घाऊक विकत घेऊन वाटत असे, आणि त्यात जे व्हायचे ते व्हायचे. २०१६ च्या अखेरच्या शासन निर्णयानंतर पद्धत बदलली: लाभार्थ्याने वस्तू आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, पावती सादर करायची आणि अनुदान त्याच्या बँक खात्यात जमा होणार. भ्रष्टाचार कमी झाला हे मी नाकारत नाही. पण ज्या विधवेला यंत्राची सर्वाधिक गरज, तिच्याजवळ आधी भरायला दहा हजार नसतात, म्हणून ती यादीत नाव येऊनही माघार घेते आणि तिच्या जागी जिला गरज नाही तिला लाभ मिळतो. माझ्या टेबलावरून अशी माघारीची पत्रे गेली आहेत. एका पत्रावर अंगठा होता आणि कारणाच्या रकान्यात "पैसे नाहीत" एवढेच लिहिले होते. पैसे नसलेल्यांसाठीच्या योजनेतून पैसे नसल्यामुळे माघार!

येथे आपला बचत गटाचा अनुभव उपयोगी पडेल, असे मला वाटते. कसे, ते आपणच अधिक चांगले सांगू शकाल.

---

माणकाठची सून

काका, ते वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्या गावातही एक बाई अशाच मागे सरल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला होता.

उपाय अवघड नाही. निवड झालेल्या लाभार्थी महिलेला तिच्या गावच्या बचत गटाने किंवा ग्रामसंघाने तीन-चार महिन्यांसाठी यंत्राच्या किमतीएवढे कर्ज द्यावे आणि अनुदान खात्यात आले की तिने ते फेडावे. गटाला जोखीम एवढीच, की अनुदान वेळेवर येईल का. ती जोखीम सदस्याने उचलायची, म्हणजे पावत्या सादर झाल्यापासून अनुदान जमा होईपर्यंत किती दिवस लागले, हे महिला व बालकल्याण समितीच्या प्रत्येक बैठकीत विचारायचे. कर्ज मंजूर करणे आणि वसुलीचा पाठपुरावा करणे ही दोनच कामे मला नीट येतात, आणि येथे दोन्ही लागणार आहेत.

खडू-फळा सर, शाळांच्या वहीची कल्पना मी घेत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी तर आमच्या बचत गटातील बायका एका दिवसात करून देतील, कारण कोणाचे कुटुंब कधी निघणार आणि उचल किती घेतली आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

एक शंका उरते. सदस्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे असे सर्वांनी लिहिले आहे, पण सभेत खरोखर बोलू देतात का? आणि दुसरे थोडे अवघड आहे. घरातील मोठ्यांचा असा समज आहे की निवडून आल्यावर बैठकांना त्यांनीच जायचे आणि मी सह्या करायच्या.

---

उपकेंद्र

ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर पहिल्या बैठकीलाच द्यावे लागते. मी एक महिला सदस्य अशा पाहिल्या की ज्यांचे पती आमच्या केंद्राला भेट देत आणि आम्हालाही तेच "साहेब" वाटत. त्यांच्या कार्यकाळाच्या तिसऱ्या वर्षी बाई एकदा स्वतः आल्या, प्रसूतिगृहाच्या दाराला आतून कडी का नाही असे विचारले, आणि पंधरा दिवसांत कडी बसली. ती कडी नसल्याचे तीन वर्षे कोणत्याही पुरुषाच्या लक्षात आले नव्हते. महिलांना १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या आहेत, त्या सह्यांसाठी नाहीत. सासऱ्यांना गाडी चालवायला सोबत न्यावे. सभागृहाच्या दाराशी त्यांना चहा चांगला मिळतो.

---

लेखा शाखा, निवृत्त

पहिल्या शंकेचे उत्तर. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावीच लागते. प्रश्न लेखी आणि मुदतीत दिला तर त्याचे उत्तर कार्यवृत्तात येते. तोंडी विचारला तर गोंधळात विरतो. म्हणून प्रश्न नेहमी लेखी द्यावा, त्यात आकडा आणि दिनांक मागावा, मत मागू नये. "रस्ते खराब का आहेत" या प्रश्नाला "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर येते. "अमुक ग्रामीण मार्गाच्या दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख कोणती आणि त्या मुदतीत ठेकेदाराने किती वेळा दुरुस्ती केली" या प्रश्नाला अशी पळवाट नसते. हा दोषदायित्वाचा कालावधी संपण्याआधी खड्डा दाखवला तर ठेकेदार स्वतःच्या खर्चाने बुजवतो. संपल्यावर तोच खड्डा शासनाचा होतो.

आणखी एक तारीख. शासनाकडून आलेला निधी जिल्हा परिषदेला त्या वर्षी आणि पुढच्या आर्थिक वर्षात खर्च करता येतो. तरीही रक्कम परत जाते, कारण पहिले वर्ष आराखड्यात आणि दुसरे मान्यतांमध्ये संपते. दर डिसेंबरच्या सभेत मागील वर्षाचा अखर्चित निधी खातेनिहाय विचारावा. मार्चमध्ये विचारून फक्त वाद घालता येतो.

---

माणकाठची सून

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री जुना मसुदा बाजूला ठेवून नवा लिहिला. चुलतसासऱ्यांनी तो वाचला, दोनदा चष्मा पुसला आणि "हे फारच थोडे आहे" असे म्हणाले. त्यावर सासूबाई म्हणाल्या की थोडे आहे म्हणूनच लक्षात राहील. त्यांच्यातील चर्चा अजून चालू आहे.

मसुदा असा. गटातील प्रत्येक बंधारा आणि पाझर तलाव पहिल्या वर्षी पाहून त्यांच्या दुरुस्तीचा क्रम ग्रामसभांमध्ये ठरवीन, दर ऑक्टोबरला बर्गे बसल्याची छायाचित्रे गावच्या फलकावर लावीन आणि प्यायच्या पाण्याच्या विहिरी ज्या बंधाऱ्यांवर अवलंबून आहेत त्यांना पहिले स्थान देईन. कृष्णेच्या पाण्यासाठी पाठपुरावा करीन. ऊसतोडीला आणि चराईला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची यादी दर सप्टेंबरला शिक्षण समितीपुढे ठेवीन आणि हंगामी वसतिगृह दिवाळीपूर्वी सुरू व्हावे यासाठी भांडेन. ज्येष्ठांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या उपकेंद्रात महिनाभर उपलब्ध राहतील याकडे लक्ष देईन आणि त्या घरी पोहोचवणाऱ्या आशांना मोबदला मिळावा, असा ठराव मांडीन. वैयक्तिक लाभाच्या योजनेत निवड झालेल्या महिलेला बचत गटामार्फत आगाऊ रक्कम मिळवून देईन. माझ्या वाट्याच्या सेस फंडातून कमान उभारणार नाही.

मेंढपाळांचे काय लिहावे, ते अजून सुचलेले नाही. "स्वतंत्र योजना" असे लिहायचे नाही, हे मात्र नक्की.

---

खडू-फळा

मेंढपाळांसाठी एकच ओळ पुरेशी आहे: मेंढ्यांना आंत्रविषाराची (आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी, म्हणजे वाडे गावाजवळ असतानाच टोचली जाईल. लस आली तेव्हा मेंढरे गेलेली आणि मेंढरे आली तेव्हा लस संपलेली, हे त्यांचे खरे दुखणे आहे. वाड्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधी कळवायला गावातला एक माणूस नेमून ठेवा.

---

घणसोलीकर

ताई, गोळ्यांच्या ओळीबद्दल धन्यवाद. पाण्याची ओळ अजूनही मला थोडी मवाळ वाटते, पण बंधाऱ्यांची छायाचित्रे फलकावर लावणार असाल, तर गाडीत बसलेल्या मंडळींना मी समजावून सांगू शकेन. पत्रक छापून झाले की त्याचे छायाचित्र आमच्या गाववाल्यांच्या गटावर पाठवा.

---

लेखा शाखा, निवृत्त

पाठवण्यापूर्वी पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापला आहे ना, ते पाहून घ्यावे, आणि छपाईचे देयक त्याच दिवशी निवडणूक खर्चाच्या नोंदवहीत चढवावे.